बागवान मॅडम आणि तिसरं मशीन

नोकरीच्या पहिल्याच दिवशी बागवान मॅडमनी मला सर्व्हरच्या खोलीत नेलं, कपाटामागे उभं केलं आणि एका जाड काळ्या वायरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "उपट." मला वाटलं, नव्या माणसाची गंमत करतायत. समोरचा सर्व्हर चालू होता, कंपनीचा सगळा कारभार त्याच्यावर. मी हात मागे घेतला. "अरे उपट की बे, चहा गार होतोय माझा." मी डोळे मिटून वायर उपटली. खोलीतली घरघर थांबली. मॅडमनी मान वाकवून दिवे विझलेत का ते नीट बघितलं, फोन कानाला लावला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाल्या, "थोरला बंद. मैंने अपनी आँखों से देखा है. अब धाकटे को बिठाओ." दोनेक मिनिटांत सगळं परत सुरू झालं. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही. "भीती गेली?" त्यांनी विचारलं. "नसेल गेली. पुढच्या महिन्यात परत."

आमची कंपनी नोकरभरतीच्या ऑनलाइन परीक्षा घेते. ठिकठिकाणच्या सेंटरांवर मुलं-मुली संगणकासमोर बसतात आणि त्यांनी दिलेलं प्रत्येक उत्तर त्याच क्षणी आमच्याकडे येऊन पडतं. ते जिथे पडतं तो सर्व्हर नोएडाच्या ऑफिसात. त्याची हुबेहूब नक्कल ठेवणारा दुसरा गुडगावला, भाड्याच्या खोलीत. पहिल्यावर ओळ लिहिली गेली की पुढच्या क्षणी ती दुसऱ्यावर. पहिला बंद पडलाच तर दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची आणि परीक्षा पुढे चालू ठेवायची. याला इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. मॅडम पहिल्याला थोरला म्हणायच्या आणि दुसऱ्याला धाकटा, आणि त्यांचं ऐकून हरियाणा-यूपीचे सगळे सहकारीही तेच म्हणायचे.

नसीम बागवान मूळच्या सोलापूरच्या. वडिलांची फळांची गाडी होती. नवऱ्याच्या, रफीकभाईंच्या, रेल्वेतल्या नोकरीमुळे दिल्लीकडे आल्या आणि गाझियाबादेत स्थिरावल्या. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज असा की दोन मजले खाली ऐकू जावा. मी करोल बागेत वाढलो. बाबा केंद्र सरकारात, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. माझं मराठी ऐकून त्या कपाळाला हात लावायच्या. पण ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, म्हणून मला त्यांनी जवळ केलं. पुढे त्याची त्यांना काय किंमत पडली ते सांगायलाच बसलोय. माझ्याबद्दल चांगलं काही यात येणार नाही, हे आधीच सांगतो.

रोज सकाळी आल्या आल्या मॅडम थोरल्यावर एक ओळ लिहायच्या. काय लिहायच्या? तर डब्यात आज कुठली भाजी आणलीय ते. "आज गवार." मग धाकट्यावर जाऊन ती ओळ पोचली का ते बघायच्या. आमच्या पडद्यावर त्यासाठी हिरवा दिवा होता, सगळं ठीक असलं की तो पेटायचा. मॅडम त्याच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. "हिरवा दिवा म्हणजे दिवा हिरवा आहे, एवढंच. आत काय चाललंय ते दिव्याला काय माहीत?" एका सकाळी त्यांनी "आज शेपू" लिहिलं. धाकट्यावर आदल्या दिवशीची गवारच. दिवा हिरवागार. रात्रीच कधीतरी नक्कल उतरणं थांबलं होतं आणि कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी दुपारपर्यंत सगळं सुरळीत केलं. मी विचारलं, "मॅडम, शेपू म्हणजे?" तर सर्व्हर बंद पडल्यावर उतरला नसता एवढा त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा डबा आला. दिल्लीत ज्याला सोया म्हणतात तीच भाजी, पण मुगाची डाळ घालून केलेली.

त्यांचा एक नियम होता आणि त्यापुढे त्या कुणाचं ऐकत नसत. धाकट्याला थोरला दिसेनासा झाला तर त्याने परस्पर जागा घ्यायची नाही. आधी माणसाने जाऊन बघायचं. "मेलाय की नुसता दिसत नाहीये? दोन वेगळ्या गोष्टी आहेत बाबा. मधली तार तुटली तरी दिसणार नाही. तो तिकडे जिवंत असायचा आणि हा इकडे गादीवर बसायचा. मग अर्धे लोक त्याला धनी म्हणणार, अर्धे ह्याला. निस्तर मग." म्हणून एकाने नोएडात उभं राहून थोरला बंद केल्याचं डोळ्यांनी बघायचं, फोनवर सांगायचं, आणि मगच दुसऱ्याने धाकट्याला बसवायचं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याचा सराव. लोक वैतागायचे. मीही वैतागायचो.

डोळ्यांनी बघण्याचा हा हट्ट त्यांना कुठून लागला कोण जाणे. बहुधा घरं शोधताना. "फोनवर सगळे फ्लॅट रिकामे असतात," त्या म्हणायच्या, "माझं नाव सांगितलं की भरतात. म्हणून मी आता आधी जाऊन उभी राहते, मग नाव सांगते." हसून सांगायच्या, पण ते हसणं बरं नसायचं. दिल्लीतल्या मराठी मंडळींची बस दर संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. एका वर्षी मी त्यांनाही घेऊन गेलो. तिथे एका गृहस्थाने मोठ्या प्रेमाने विचारलं, "बागवान? अरे वा, तुम्ही इकडे कशा?" मॅडम म्हणाल्या, "आमच्या लोकांनी इथे तोफा चालवल्या हो, तुमच्या बाजूने. बसमध्ये जागा होती म्हणून आले." गृहस्थ तिळगूळ पुढे करून सटकले.

खुराना हे आमचे मोठे साहेब. त्यांना एक मोठं कंत्राट हवं होतं, आणि त्यात अट होती की एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने आपोआप, अर्ध्या मिनिटात जागा घेतली पाहिजे. "नसीम जी, आपका आदमी फ़ोन लगाएगा, देखेगा, तब तक तो एग्ज़ाम ख़त्म." मॅडम महिनाभर भांडल्या. शेवटी एका अटीवर तयार झाल्या: तिसरं एक छोटं मशीन हवं, तिसऱ्या जागी. ते फक्त बघत राहील. धाकट्याला थोरला दिसेनासा झाला तर त्याने आधी तिसऱ्याला विचारायचं, तुला दिसतोय का? तिसरा हो म्हणाला की गप्प बसायचं, तारच तुटली असणार. आमचं एक जुनं गोडाऊन गाझियाबादेत होतं, तिथे ते ठेवायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं.

ते मशीन मी गाझियाबादेत कधी ठेवलंच नाही. गोडाऊनची वीज सारखी जायची, इंटरनेटवाल्याने दोनदा चकरा मारायला लावल्या, आणि मी कंटाळलो. एवढंच खरं कारण आहे, याहून मोठं काही नाही. गुडगावच्या खोलीत धाकट्याच्या कपाटात एक खण मोकळा होता. तिथे लावून टाकलं. धाकट्याच्याच वायरीवर, धाकट्याच्याच शेजारी. कागदावर लिहिलं: तिसरं मशीन, गाझियाबाद. पडद्यावर दिवा हिरवा झाला.

मॅडमनी विचारलं, "ठेवलंस?"

"हो मॅडम, ठेवलं."

"मी बघून येते एकदा."

"कशाला मॅडम, एवढ्या उन्हात? मी कशाला आहे?"

त्या आठवड्यात रफीकभाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्या कागदावर सही केली. सबंध नोकरीत न बघता केलेली त्यांची ती एकच सही असावी, आणि ती माझ्या शब्दावर होती.

पुढे एका रविवारी सकाळी मोठी परीक्षा होती. नोएडा आणि गुडगावच्या मधे कुठेतरी नाल्याचं खोदकाम चाललं होतं, तिथे जेसीबीने आमची तार तोडली. थोरला धडधाकट होता. धाकट्याने तिसऱ्याला विचारलं, आणि तिसरा तर त्याच्याच वायरीवर. तो म्हणाला, मलाही दिसत नाही. झालं. धाकटा गादीवर बसला. गुडगावकडची सेंटरं आपली उत्तरं त्याच्याकडे पाठवू लागली, बाकीची थोरल्याकडे. वीसेक मिनिटांनी तार जोडली गेली तेव्हा परीक्षा संपली होती, आमच्याकडे दोन धनी होते, आणि दोघांकडे वेगवेगळ्या मुलांची उत्तरं होती. तीही त्याच त्या क्रमांकांवर, कारण क्रमांक देताना दोघांनीही मागच्या आकड्यापुढे मोजायला सुरुवात केली होती.

मॅडम धावत आल्या. धाकट्यावर जाऊन त्यांनी पहिलीच ओळ उघडली. "ही बघ. वैशाली म्हणून कुणी आहे, परभणीची. शेवटचे वीस प्रश्न सोडवलेत पोरीने. थोरल्यावर हिचं काहीच नाही. दोघांनाही हात लावू नकोस. आधी धाकट्याची कॉपी काढ. मग मी बसते आणि एकेक ओळ जुळवते. तीन दिवस लागतील, लागू देत." मी कॉपी सुरू केली. त्या खुरानांच्या केबिनमध्ये गेल्या. काय झालंय ते भरती करणाऱ्या खात्याला लेखी कळवा, असं सांगायला. आतून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खुराना. मॅडमना केबिनमध्ये बसवून स्वतः बाहेर येऊन बोलत असावेत, कारण अगदी हळू आणि गोड बोलत होते. "बेटा, थोरला सही है ना? तो धाकटे को उसके पीछे लगा दो, जैसा था वैसा."

धाकट्याला परत थोरल्याची नक्कल करायची म्हणजे त्याच्यावरचं सगळं पुसायचं आणि थोरल्यावरून नव्याने उतरवायचं. मी म्हणालो, "सर, कॉपी चल रही है. पचास परसेंट हुई है."

"कॉपी रहेगी तो सवाल उठेंगे. समझ रहे हो ना?"

समजत होतं. न समजायला काय झालं होतं? हेही समजत होतं की कॉपी राहिली, चौकशी झाली, तर तिसरं मशीन कुठे होतं हे पहिल्या तासात निघेल. खुराना कंत्राट वाचवत होते, मी माझी कातडी. मी कॉपी थांबवली, अर्धी उतरलेली उडवली, आणि कमांड दिली. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या तोवर धाकटा कोरा झाला होता आणि थोरल्यावरून भरत होता. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय केलंस हे?" एवढंच म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही गेला नाही.

निकाल लागला. सहाशेच्या वर मुलांचे शेवटचे प्रश्न "अनुत्तरित" निघाले. तक्रारी आल्या, त्यांना छापील उत्तर गेलं. एके दिवशी फाटकावरून गार्डने फोन केला, "सर, एक लड़की है, रो रही है, मराठी बोलती है." मी खाली गेलो. तिने नाव सांगितलं: वैशाली, परभणीची. करोल बागेजवळ खोली घेऊन परीक्षांची तयारी करायची, वयाच्या अटीमुळे या परीक्षेची शेवटची संधी होती. हातात निकालाचा कागद. "मी सगळे सोडवले होते हो दादा. शेवटचे वीससुद्धा."

मी तिला म्हणालो, "रेकॉर्डमध्ये नाहीत, म्हणजे दिलेले नाहीत. घाईत होतं असं. आपल्याला वाटतं दिलं, पण सेव्ह केलेलं नसतं."

शुद्ध मराठीत म्हणालो. एवढी वर्षं मॅडमनी माझं मराठी सुधारलं होतं ना. ती कागदाची घडी घालत म्हणाली, "माझंच चुकलं असेल मग." मी तिला पाणी विचारलं.

चौकशी झाली, म्हणजे तीन माणसं एका टेबलामागे बसली. पुसलेल्या डेटाबद्दल कुणी विचारलंच नाही. विचारलं ते तिसऱ्या मशीनबद्दल. कागदावर गाझियाबाद, प्रत्यक्षात गुडगाव, खाली सही एन. बागवान. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मी सगळं मॅडमच्या सूचनेप्रमाणे केलं." मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "सही मेरी है. मैंने जाकर देखा नहीं था." संपलं. महिन्याअखेर त्यांना घरी बसवलं आणि त्यांची खुर्ची मला दिली.

बाहेर व्हरांड्यात मी काहीतरी पुटपुटायला लागलो, की मॅडम, तुम्ही मला वाचवलंत. त्या एकदम भडकल्या. "तुला वाचवायला नाही म्हटलं मी. तेवढी तुझी लायकी नाही. मी बघितलं नव्हतं, म्हणून बघितलं नव्हतं म्हटलं. तू काय बघितलंस ते तू सांगायचं होतंस."

मुलांनी कोर्टात केस केली. मॅडमनी शपथपत्र दिलं, धाकट्यावर उत्तरं होती, मी बघितली. कंपनीच्या वकिलाने दोन वाक्यांत निकालात काढलं: नोकरीवरून काढलेली बाई, सूड म्हणून बोलते. आणखी कुणीतरी बघितलेलं हवं होतं. एका रविवारी दुपारी मॅडम माझ्या घरी आल्या. माझ्या बायकोने चहा केला, मुलीने त्यांना चित्रं दाखवली, त्यांनी प्रत्येक चित्र नीट बघितलं. मग पर्समधून एक कागद काढला. "दोनच ओळी आहेत, अभय. धाकट्यावर उत्तरं होती, आणि ती पुसली गेली. कुणी पुसली ते लिहिलेलं नाही मी. सही कर."

मी म्हणालो, "बघतो, मॅडम."

"बघतो नको म्हणूस. नाही म्हण. नाही म्हटलेलं मला चालतं, मी दुसरा कुणीतरी शोधेन. बघतो म्हटलंस तर मी तुझी वाट बघत बसेन."

मी परत म्हणालो, "बघतो."

आणि त्या वाट बघत बसल्या. अधूनमधून फोन करायच्या, मी उचलायचो नाही. सरळ नाही म्हणायलासुद्धा दम लागतो, तेवढाही माझ्यात नव्हता. केस फेटाळली गेली. पुराव्याअभावी, असं त्यात लिहिलं होतं.

गेल्या वर्षी मॅडम डेंग्यूने आठ दिवसांत गेल्या. तिसऱ्या दिवशी मी गाझियाबादला त्यांच्या घरी गेलो. रफीकभाईंनी मला मिठी मारली. "शेवटपर्यंत म्हणायची, अभय देईल सही. मनाने वाईट नाहीये, भित्रा आहे." मला तिथून पळून जावंसं वाटलं. वळलो तर दाराशी वैशाली. चार वर्षं मधे गेली होती. आता ती करोल बागेतच एका क्लासमध्ये शिकवते. मला तिने ओळखलं, पण फाटकावरचा भला मराठी दादा म्हणून.

मी तिला जिन्यात नेऊन सगळं सांगितलं. तिसरं मशीन, ती वीस मिनिटं, कॉपी, कमांड. हेही सांगितलं, की फाटकावर तुझ्याशी बोललो तेव्हा मला सगळं माहीत होतं. ती थोबाडीत मारेल असं वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

तिने कठडा धरला. मग म्हणाली, "मॅडमनी माझा नंबर शोधून काढला होता, दर रविवारी फोन करायच्या मला. तू उत्तरं दिली होतीस पोरी, मी डोळ्यांनी बघितली, असं म्हणायच्या. मी हो हो म्हणायचे. मला वाटायचं, चांगल्या आहेत, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतात. घरीसुद्धा सगळ्यांना मी हेच सांगितलं, की माझंच चुकलं. शेवटी शेवटी तर मी त्यांचा फोन घेणंही बंद केलं."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली नाही.

"आज मला पटलं," ती म्हणाली. "हे आता त्यांना कोण सांगणार?"